८५ गुणांचा जवान

[दृश्य : बडोदा, दांडिया बाजार. जुन्या घराचा माळा. पत्र्याची ट्रंक उघडते.]

ट्रंकेत वरती चैत्रगौरीच्या आरासीची लाकडी खेळणी आहेत. त्याखाली दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे, काहींचे भाले मोडलेले. आणि कोपऱ्यातल्या बुटांच्या खोक्यात प्लास्टिकचे सैनिक. पावणेचार इंच उंच, कोपर, गुडघा, कंबर सगळं वळणारे. हे जी. आय. जो, हॅस्ब्रो या अमेरिकन खेळणी कंपनीचे सैनिक. या घरात मावळ्यांच्या बरोबरीनं तेही किल्ल्यावर पहारा द्यायचे.

यातले दोन अजून कार्डावरच आहेत, न उघडलेले. एकाच वाढदिवसाला तोच जवान दोन-दोनदा भेट आला, म्हणून जादाचे तसेच राहिले. घरातला धाकटा मुलगा आता चाळिशीचा आहे. हे दोन जवान अमेरिकेला पाठवून त्यांचं ग्रेडिंग करून घ्यावं का, हा त्याचा प्रश्न. आणि तो भारतातल्या बऱ्याच संग्राहकांचा आहे.

[दृश्य : कार्डाचा कोपरा, अगदी जवळून.]

ग्रेडिंग म्हणजे तिऱ्हाइतानं केलेली पारख. या क्षेत्रातलं सगळ्यात ओळखीचं नाव ॲक्शन फिगर ऑथॉरिटी, म्हणजे ए. एफ. ए. तुम्ही फी भरून वस्तू पाठवता. ती अस्सल आहे का, कुणी दुरुस्त केली आहे का, हे तपासलं जातं. कार्ड, त्यावरचा प्लास्टिकचा फुगा आणि आतली फिगर यांना वेगवेगळे गुण मिळतात, आणि शेवटी शंभरपैकी एक आकडा. मग सगळं ॲक्रिलिकच्या पेटीत बंद होतं. ८५ मिळाले की संग्राहक खूश. ९० दुर्मीळ, ९५ तर फारच. आकडा पाचानं वर सरकला तरी किंमत कितीतरी पटींनी बदलू शकते. पण तो आकडा माणसांनीच ठरवलेला असतो. तीच वस्तू दुसऱ्यांदा पाठवली तर निराळे गुण मिळू शकतात.

तरीही काही वस्तूंसाठी ही पारख हवीच, असं मी ठामपणे म्हणेन. केनर कंपनीनं १९७८मध्ये स्टार वॉर्स या चित्रपटातल्या पात्रांच्या फिगर बाजारात आणल्या. त्यातल्या जावा नावाच्या बुटक्या पात्राला सुरुवातीला प्लास्टिकचा झगा होता, नंतर कापडाचा आला. प्लास्टिकच्या झग्याचा जावा थोडाच काळ विकला गेला, म्हणून तो महाग. मग लोकांनी दुसऱ्याच फिगरचा झगा कापून जावाला चढवायला सुरुवात केली. फोटोत फरक कळणं कठीण. अशा ठिकाणी झगा हातात घेऊन तपासणारा जाणकार खरेदीदाराचे पैसे वाचवतो. स्टार वॉर्समधल्याच बोबा फेट या पात्राचं उदाहरण त्याहून मोठं. त्याच्या पाठीवरून रॉकेट उडायचं, पण मुलांच्या सुरक्षेच्या भीतीनं ती फिगर दुकानात आलीच नाही. मोजके नमुने उरले. त्यातला एक २०२४मध्ये लिलावात ५ लाख २५ हजार डॉलरना गेला. एवढी रक्कम मोजणारा माणूस विकणाऱ्याच्या शब्दावर कसा विसंबेल?

[दृश्य : पुन्हा खोकं. कार्डावरचा फनस्कूलचा शिक्का.]

आपल्या ट्रंकेतला जवान मात्र फनस्कूलचा आहे. हॅस्ब्रो आणि एम. आर. एफ. यांनी मिळून उभी केलेली ही कंपनी, १९८७मध्ये सुरू झाली. तिच्या जी. आय. जो फिगरवर जगभरचे संग्राहक जीव टाकतात, कारण साचे अमेरिकन असले तरी रंग पुष्कळदा इथले, आणि तेही बदलत राहिलेले. कुठला रंग नेहमीचा, कुठला विरळा, हे वर्षानुवर्षं अशी कार्डं हाताळणाऱ्या इथल्या संग्राहकांना पाठ असतं. गुणांच्या आकड्यात ही माहिती मावत नाही.

आता खर्च. ग्रेडिंगची फी, जाण्यायेण्याचं कुरिअर, विमा. त्यात अमेरिकेनं ८०० डॉलरच्या आतल्या पार्सलांना मिळणारी शुल्कमाफी ऑगस्ट २०२५मध्ये बंद केली. परतीच्या वाटेवर आपलं कस्टम आहे. खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २०२०मध्ये २० टक्क्यांवरून ६० झालं, २०२३मध्ये ७०. आपलाच माल परत येतोय हे दाखवून सवलत मागता येते, पण त्यासाठी निर्यातीची कागदपत्रं पाठवतानाच चोख असावी लागतात. साध्या फिगरसाठी एवढं केलं तर खर्च तिच्या किमतीच्या पुढे जातो.

आणि पेटीत बंद केलं म्हणजे जवान सुखरूप राहिला, असंही नाही. १९८२पासूनच्या या छोट्या जी. आय. जो फिगरची कंबर आतल्या एका रबरी कडीवर उभी असते. रबर सुकतं, तडकतं, आणि एक दिवस धड आणि पाय वेगळे होतात. सुट्या फिगरची कडी बदलायला पाठीचा स्क्रू काढायचा, नवी कडी घालायची. काम काही मिनिटांचं. सीलबंद जवानाचं तेच रबर आत सुकत राहतं आणि त्याला हात लावायची सोय नसते. मऊ प्लास्टिक चिकट होतं तेही आतूनच. उन्हानं फुगा पिवळा पडतो. उन्हापासून वाचवायला अंधारं कपाट पुरतं.

[दृश्य : सयाजीबाग, बडोदा संग्रहालयाची इमारत.]

या शहराला वस्तू जपण्याची जुनी सवय आहे. सयाजीराव महाराजांनी उभारलेलं हे संग्रहालय १८९४चं. महाराजा सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचा विभाग १९५२पासून आहे. तिथली रीत बघा: वस्तू आली की नोंदवहीत क्रमांक पडतो. कुठून आली, कुणी दिली, कशाची आहे, कुठे चीर आहे, कुठे रंग उडालाय, सगळं लिहिलं जातं, फोटो काढले जातात. चांगल्या-वाईटाचा एकच आकडा तिथे कुणी देत नाही. मला ही रीत ग्रेडिंगपेक्षा कितीतरी मोलाची वाटते, कारण कुठल्या दुकानातून आणला, कुणी दिला, किल्ल्याच्या कुठल्या बुरुजावर उभा असायचा, हे सांगणारी माणसं आज हयात आहेत. त्यांना आत्ताच विचारलं पाहिजे.

म्हणून या घरापुरतं माझं मत असं. दोन्ही कार्डं इथेच राहू द्या. त्यातलं एक विकायचंच असेल, तर पुढून, मागून, चारही कोपऱ्यांचे स्वच्छ फोटो काढा, दोष लपवू नका, आणि तसंच विका. अमेरिकेतल्या ग्राहकाला आकडा हवा असेल तर तो तिथल्या तिथे, आपल्या खर्चानं ग्रेडिंग करून घेईल. दुसरं कार्ड आम्लरहित कागदात, आडवं, वरच्या मजल्यावर. ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं होतं, तेव्हा तळमजला नको.

खोक्यातल्या सुट्या जवानांना संग्रहालयासारखे नोंदवहीत क्रमांक द्या आणि त्यांच्या कड्या बदलून घ्या. जुनी कडी टाकू नका, पाकिटात घालून त्याच क्रमांकाखाली ठेवा. क्रमांक जवानाच्या अंगावर लिहायचा नाही. शाई प्लास्टिकमध्ये मुरते. चिठ्ठीवर लिहून ती सुती दोऱ्यानं सैलसर बांधायची.