किलोचा हिशेब : शाश्वत कापडाचा दावा कुठे मोडतो

(वस्त्रोद्योजकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, शाश्वत कापडाबद्दल सध्या खूप बोललं जातं. पण ऑडिटर तुमच्या दारात येतो, तेव्हा त्याला वजनकाट्याच्या पावत्या हव्या असतात. किती किलो आत आलं, किती किलो बाहेर गेलं आणि मधलं कुठे गेलं, एवढंच तो विचारतो. शाश्वततेचे निम्मे नियम या एका प्रश्नावर उभे आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

सेंद्रिय रुईच्या १००० किलोच्या लॉटपासून टी-शर्ट करायचे आहेत असं धरा. शंभर किलो कापसातून ३३-३५ किलो रुई निघते, म्हणजे या लॉटसाठी साधारण ३० क्विंटल कापूस लागला. कोरडवाहूत एकरी ४-५ क्विंटल धरले तर ६ ते साडेसात एकरांचं पीक झालं. आता गिरणीत चला. ब्लोरूम आणि कार्डिंगला, म्हणजे रुई झाडून-विंचरून साफ करताना, ८-१० टक्के घट, आखूड तंतू काढणाऱ्या कोंबरला नॉईलपोटी (त्या आखूड तंतूंपोटी) आणखी १६-१८ टक्के, पुढे थोडीफार. हातात कोम्ब्ड, म्हणजे कोंबरमधून गेलेलं, सूत येतं सुमारे ७०० किलो. निटिंगला २ टक्के गेले की ६८६ किलो. डाईंग-फिनिशिंगला ६ टक्के गेले की ६४५. कटिंग आणि रिजेक्शनचे १५ टक्के वजा केले की ५४८. एका टी-शर्टला १८० ग्रॅम धरले तर शर्ट होतात तीन हजारांच्या आसपास. कोंबरशिवायचं कार्डेड सूत असेल तर आकडा वाढेल, कारण कोंबरची घट वाचते. पण याच रुईवर कोम्ब्ड सुताचे ४००० शर्ट दाखवले, तर बाकीचे हजार कुठून आले?

ही शंका काल्पनिक नाही. २०२० साली भारतात सेंद्रिय कापसाची बनावट व्यवहार-प्रमाणपत्रं (प्रत्येक विक्रीसोबत माल सेंद्रिय असल्याचा दाखला) उघडकीला आली. सेंद्रिय कापडाचं जागतिक मानक चालवणाऱ्या जीओटीएस या संस्थेनेच ते जाहीर केलं आणि प्रकरण २०,००० टनांचं होतं. त्यात होरपळतो तो प्रामाणिक शेतकरी. त्याच्या मालावरही संशय येतो आणि त्याचा प्रीमियम, म्हणजे सेंद्रियचा जादा भाव, बुडतो.

गफलत सगळ्यात जास्त होते जिनिंगला, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढताना. देशातला बहुतेक कापूस बीटी, म्हणजे जनुक बदललेल्या बियाण्याचा, आहे आणि सेंद्रिय प्रमाणपत्राला बीटी चालत नाही. एकाच जिनवर आधी साधा माल आणि लगेच सेंद्रिय माल घेतला, तर रोलर, कन्व्हेयर आणि प्रेसमध्ये अडकलेली जुनी रुई नव्या गाठींत जाते. म्हणून आधी पूर्ण साफसफाई करा, सेंद्रिय लॉटच्या पहिल्या गाठी वेगळ्या काढून साध्या मालात टाका आणि गाठीवर लॉट नंबर प्रेसमधून बाहेर पडतानाच चिकटवा. गोदामात नंतर लिहितो म्हटलं की घोळ झालाच. शेताकडून लागणारा वेळही लक्षात ठेवा : एनपीओपीच्या (राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाच्या) नियमानुसार कापसासारख्या हंगामी पिकाला रूपांतराची, म्हणजे साध्या शेतीतून सेंद्रियकडे वळण्याची, दोन वर्षं लागतात. त्या काळात खर्च सेंद्रिय शेतीचा आणि भाव साध्या कापसाचा. खरेदीदाराने ‘रूपांतरातला कापूस’ म्हणून दोन पैसे जास्त दिले, तरच शेतकरी टिकतो. हे मी आग्रहाने सांगतो, कारण साखळीत सगळ्यात लंगडी बाजू तीच आहे.

आता प्रोसेसकडे. रिॲक्टिव्ह डाईने, म्हणजे तंतूशी रासायनिक बंध करणाऱ्या रंगाने, सूती कापड रंगवायचं तर मीठ लागतं. गडद छटेला लिटरमागे ६० ग्रॅम धरू. सॉफ्ट-फ्लो मशीनवर कापड-पाणी प्रमाण १:६ असेल तर किलोमागे ३६० ग्रॅम मीठ. जुन्या विंचवर (जास्त पाणी खाणाऱ्या जुन्या रंगाई यंत्रावर) १:१५ असेल तर ९०० ग्रॅम. आपल्या ६८६ किलोच्या लॉटला पहिल्या मशीनवर सुमारे २४७ किलो मीठ लागलं, दुसऱ्यावर ६१७. हे मीठ कापडात राहत नाही, सगळं नाल्यात जातं. साध्या ईटीपीतले (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पातले) जिवाणू सेंद्रिय घाण खातात, मीठ खात नाहीत. नदीत सोडायच्या पाण्यातल्या विरघळलेल्या क्षारांची मर्यादा लिटरला २१०० मिलिग्रॅम आहे आणि डाय-बाथमध्येच, म्हणजे रंगाईच्या पाण्यातच, ६०,००० असतात. पंचगंगेच्या काठावर राहणाऱ्यांना याचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही.

तिरुपूरमध्ये नोय्यल नदीचं तेच झालं. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने सातशेवर डाईंग युनिट बंद झाली आणि शून्य विसर्गाची, म्हणजे सांडपाणी बाहेर न सोडण्याची, व्यवस्था बसवल्यावाचून दुसरा रस्ता उरला नाही. तिथून शिकण्यासारखी पहिली गोष्ट : डाय-बाथचं खारं पाणी आणि नंतरच्या धुण्याचं पाणी यांच्या लाइन सुरुवातीपासून वेगळ्या ठेवा. धुण्याचं पाणी आरओला परवडतं. खारं पाणी नॅनोफिल्ट्रेशनने (अतिसूक्ष्म गाळणीने) रंगापासून सोडवून ब्राइन, म्हणजे मिठाचं पाणी, म्हणून पुन्हा वापरता येतं. दोन्ही एकत्र केलीत की सगळंच बाष्पीभवन यंत्रावर जातं आणि वाफेचं बिल मालक फेडत बसतो. दुसरी गोष्ट : एकतर साधं मीठ वापरा, नाहीतर ग्लॉबर सॉल्ट (सोडियम सल्फेट). दोन्ही मिसळलीत तर शेवटी मिश्र क्षाराची पोती साठतात. त्यांना गिऱ्हाईक नसतं आणि ती टाकायला जागाही नसते. तिसरी : परत आलेल्या पाण्याची हार्डनेस दर बॅचला तपासा, नाहीतर डाग आणि छटेतला फरक येणारच. पण या सगळ्याआधी जुनं विंच काढा. नाल्याच्या टोकाला कोटी खर्च करण्यापेक्षा मशीनवर मीठ वाचवणं स्वस्त पडतं.

हे सगळं आत्ताच का? कारण बाजाराचे नियम आपल्या दारापर्यंत आलेत. १९९४ साली जर्मनीने घातक ॲझो रंगांना बंदी घातली, तेव्हा आपल्याकडेही धावाधाव झाली आणि काही वर्षांत आपल्या सरकारनेही ११२ रंग बंद केले. आता आवाका मोठा आहे. युरोपियन संघाचा इकोडिझाइन कायदा १८ जुलै २०२४ पासून अमलात आहे. मोठ्या कंपन्यांना न विकलेले कपडे नष्ट करायला १९ जुलै २०२६ पासून बंदी आणि पुढे कपड्यासोबत डिजिटल उत्पादन पासपोर्ट, म्हणजे कपड्याची माहिती देणारी डिजिटल नोंद. २७ सप्टेंबर २०२६ पासून तिथे ‘इको-फ्रेंडली’ असा मोघम शिक्का पुराव्याशिवाय मारता येणार नाही. देशातही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये खोट्या पर्यावरणीय दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. ‘नैसर्गिक’, ‘हरित’ असे शब्द टॅगवर छापताना दावा पूर्ण कपड्याचा, फक्त सुताचा की पॅकिंगचा, हे आता लिहावं लागतं.

बाजाराची दिशा मात्र सरळ नाही. सप्टेंबर २०२५ पासून कृत्रिम तंतूवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, कृत्रिम सुतावरचा १२ वरून ५ वर. पॉलिएस्टर आणखी स्वस्त पडणार. २५०० रुपयांपर्यंतचा कपडा ५ टक्क्यांत, त्यावरचा १८ टक्क्यांत. हातमागाचा किंवा सेंद्रिय सुताचा महाग कपडा नेमका वरच्या दरात सापडतो. माझ्या मते हे चुकलं आहे. हातमागाला त्यातून वेगळं काढायला हवं होतं.

पुनर्वापराबद्दलही स्पष्ट बोलतो. पानिपतमध्ये जुने कपडे फाडून पुन्हा सूत काढतात, पण फाडताना तंतू आखूड होतो, म्हणून त्याचं जाड सूत होतं आणि ते ब्लँकेटला जातं. बारीक काउंट (बारीक सूत) हवा तर नवी रुई मिसळावीच लागते. कापडात पाचच टक्के इलॅस्टेन (ताणला जाणारा कृत्रिम तंतू) असलं तरी फाडताना ते ताणतं, गुठळ्या होतात. म्हणून कटिंग टेबलावरच चिंध्या तीन पोत्यांत टाका : शुद्ध सूती पांढऱ्या, शुद्ध सूती रंगीत आणि मिश्र. मिसळलेल्या चिंधीला भाव नाही.

राहिला खर्चाचा प्रश्न. नोंदी ठेवायला माणूस लागतो, प्रमाणपत्राला फी लागते आणि जॉबवर्क करणाऱ्या दहा-बारा मागांच्या मालकाला हे झेपत नाही. तेव्हा पीओ (खरेदी ऑर्डर) घेतानाच खरेदीदाराकडून दोन ओळी लिहून घ्या : माहिती कुठल्या टप्प्यापर्यंत हवी, आणि प्रमाणपत्राचा खर्च कोणाचा. आणि जॉबवर्करच्या चलनावर मीटरबरोबर किलोचा रकाना या महिन्यापासून छापून घ्या.