फादर हेरास यांचा इतिहासाचा वर्ग

मित्रहो, १९२२ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे एक कॅटलन (स्पेनमधले) पाद्री इतिहास शिकवायला आले. एन्रिक हेरास, म्हणजे आपले फादर हेन्री हेरास. वय चौतीस. कोणता इतिहास शिकवाल, असं प्राचार्यांनी विचारल्यावर फादर म्हणाले, भारताचा सोडून कोणताही. त्यातलं मला काहीच येत नाही. मग तोच शिका, तुम्हाला तोच शिकवायचा आहे, असं उत्तर मिळालं म्हणतात.

आणि ते खरोखरच शिकले. चार वर्षांत त्यांनी कॉलेजात भारतीय इतिहासाची संशोधनसंस्था उभी केली. त्याच वर्षी, १९२६ मध्ये, इतिहास कसा लिहावा यावर भारतीय विद्यार्थ्यांसाठी पुस्तकही काढलं. पाठ केलेल्या सनावळ्यांना त्यांच्या लेखी किंमत नव्हती. ताम्रपट, शिलालेख, नाणी, जुनी पत्रं यांच्याकडे विद्यार्थ्याने स्वतः जावं, ही त्यांची शिस्त.

ती शिस्त त्यांनी स्वतः पाळली. विजयनगर म्हटलं की आपण १५६५ च्या तालिकोटच्या लढाईपाशी थांबतो. त्यानंतरही पेनुकोंडा, चंद्रगिरी इथून अरविडू घराण्याचे राजे राज्य करत होते. फादरांनी १९२७ च्या ग्रंथात त्यांचा इतिहास मांडला. चंद्रगिरीच्या दरबारात वावरलेल्या जुन्या जेझुइटांची पत्रं एकीकडे आणि दक्षिणेतले शिलालेख दुसरीकडे, दोन्ही ताडून पाहायचे. आपल्याच संघाच्या माणसांनी लिहिलंय म्हणून डोळे मिटून मानायचं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. त्यांचे विद्यार्थी जॉर्ज मोराइस यांनी याच वळणावर जाऊन कदंब राजघराण्याचा इतिहास लिहिला. गोव्याच्या कदंबांविषयी वाचणाऱ्याला तो ग्रंथ आजही हाताशी लागतो.

पुढे फादर सिंधू लिपीकडे वळले. मोहेंजोदडोच्या मुद्रा जेमतेम इंचभर, मऊ दगडाच्या. त्यांवर कोरलेलं माशाचं चिन्ह पुन्हापुन्हा येतं. फादरांनी म्हटलं, ही भाषा द्राविडी असावी. तमिळमध्ये 'मीन' म्हणजे मासा आणि ताराही; मग मासा काढून तारा म्हणायचं असेल. त्यांनी शेकडो लेख वाचल्याचा दावा केला आणि १९५३ मध्ये ते सगळं ग्रंथरूपाने छापलं. त्यातलं बहुतेक वाचन आज अभ्यासक मानत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पुराव्यापेक्षा ते फार पुढे गेले होते. तरीही ते व्यर्थ गेलं असं मी म्हणणार नाही.

१४ डिसेंबर १९५५ रोजी मुंबईतच त्यांचं निधन झालं. संस्थेला पुढे त्यांचंच नाव दिलं गेलं. सिंधू लिपी अजून उलगडलेली नाही. पण ती द्राविडी मानणारे आस्को पार्पोला आणि इरावतम् महादेवन यांच्यासारखे विद्वान माशाच्या चिन्हाचा विचार करू लागले, तेव्हा त्यांना सुरुवात फादर हेरास यांच्यापासूनच करावी लागली.