परमिट रूममध्ये जेवायला जाताय? मग हे आधी बघा

नमस्कार मंडळी! आज बोलू छत्रपती संभाजीनगरच्या साध्या परमिट रूमबद्दल. मोठ्या हॉटेलातले पब आज बाजूला ठेवू. जालना रोडला, उस्मानपुऱ्यात असतात ती, वाळूजला शिफ्ट सुटली की भरून जातात ती ठिकाणं. बाहेर फॅमिली गार्डनची पाटी, आत एसी हॉल. माझं मत स्पष्ट आहे: इथं जायचं ते जेवायला, आणि ग्लास जेवणाच्या सोबतीला.

म्हणून बसल्या बसल्या बाटली सांगू नका. आधी शेंगदाणा मसाला मागवा. त्यावरून किचन कळतं. शेंगदाणा आत्ता तळलेला असेल, तर कांदा-टोमॅटोचं पाणी सुटलं तरी कुरकुरीत राहतो. सकाळचा असेल तर मऊ पडतो आणि जुन्या तेलाचा खवट वास मारतो. तसा वास आला तर तळणातलं पुढं काही मागवू नका, चिकन चिली तर नाहीच. शेंगदाणा चांगला निघाला, तर वेटरला लगेच सांगून टाका, "मामा, काळ्या मसाल्याचं मटण, चार ज्वारीच्या भाकरी, आणि ठेचा वेगळा." भाकरी आधीच सांगायची, कारण ती एकेक करून थापावी लागते. उशीर केला की तंदुरी रोटीवर भागवावं लागतं.

आता बिअर. (बाटली कॅमेऱ्यासमोर) हे लेबल बघा. बाटली 650 मिलीची. स्ट्राँग बिअरमध्ये अल्कोहोल 8 टक्क्यांपर्यंत असतं. म्हणजे अख्ख्या बाटलीत 52 मिली. आणि व्हिस्कीचा 60 मिलीचा लार्ज पेग 42.8 टक्क्यांचा, त्यात साधारण 26 मिली. करा हिशोब! एक स्ट्राँग म्हणजे दोन लार्ज. "मी फक्त बिअर घेतो" म्हणत तीन स्ट्राँग संपवणारा माणूस सहा लार्ज पेग पितोय, आणि हे त्याला कुणी सांगत नाही. माइल्ड 5 टक्क्यांपर्यंत असते. गप्पा मारत दोन तास बसायचं असेल तर माइल्डचा पाईंट, 330 मिलीचा, पुरतो.

आणि ही बिअर लांबून येत नाही, बरं का. आपल्या एमआयडीसीतच बिअरचे मोठे कारखाने आहेत आणि त्यांना पाणी जायकवाडीचं. 2016 च्या दुष्काळात औरंगाबाद खंडपीठानं दारू-बिअरच्या कारखान्यांचं पाणी आधी 50 आणि नंतर 60 टक्के कापायला लावलं होतं. लातूरला तेव्हा रेल्वेनं पाणी आणलं. त्यामुळं अर्धा ग्लास तसाच टाकून उठणारं टेबल दिसलं की मला खरंच राग येतो. लागेल तेवढंच मागवा.

नियम थोडक्यात. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वय 21 पूर्ण हवं, व्हिस्की-रमसाठी 25. पिण्याचा परवाना लागतो: एक दिवसाचा 5 रुपये, वर्षाचा 100, कायमचा 1000. कायमचा काढून ठेवा, विषय संपला. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर हे ड्राय डे, त्या दिवशी पार्टी ठरवू नका. आणि गाडी घरीच ठेवा. 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं, की पहिल्याच वेळी 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. निघायच्या आधी रिक्षा सांगून ठेवा.

राहिलं बिल. घाईत पैसे देऊ नका, बसून वाचा. जेवणावर जीएसटी आणि दारूवर वॅट असे दोन कर वेगवेगळे दिसले पाहिजेत. दारूवर जीएसटी लागतच नाही, तो लावला असेल तर बिल परत पाठवा. पाण्याच्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त पैसे लावले म्हणून भांडण नको, हॉटेलात बसून प्यायलात तर ते लावू शकतात, असं सुप्रीम कोर्टानं 2017 मध्येच सांगितलंय. साधं पाणी हवं तर जग मागवा. सर्व्हिस चार्ज मात्र सक्तीचा नाही, काढायला सांगितला तर काढावा लागतो. तो काढा आणि तेवढेच पैसे, ज्या मामांनी गरम भाकरी वेळेवर आणून दिली, त्यांच्या हातात द्या.