गुणायचं की भागायचं? एककाला विचारा

एक गणित वाचतो. टाकी आहे १.८ घनमीटरची. पंप मिनिटाला १५ लिटर पाणी सोडतो. रिकामी टाकी भरायला किती तास लागतील? पर्याय: ०.१२, २, २७, १२०.

हे पर्याय नीट बघा. पेपर काढणारा आपल्याला पुरता ओळखून आहे. १.८ ला १५ ने भागलं, ०.१२. गुणलं, २७. दोन्ही उत्तरं तयार ठेवलीत! आणि आपलं उत्तर पर्यायात दिसलं की आपण पुढच्या प्रश्नावर उडी मारतो.

मी काय करतो, तर आकड्याबरोबर एककही लिहितो. ‘मिनिटाला १५ लिटर’ म्हणजे अंशात १५ लिटर, छेदात १ मिनिट. पण मला काढायचाय वेळ, म्हणजे मिनिट वर हवं. मग अपूर्णांक सरळ उलटा करायचा. टाकी घनमीटरमध्ये आहे, १ घनमीटर म्हणजे १००० लिटर, म्हणून १८०० लिटर. आता १८०० लिटर गुणिले १ मिनिट, भागिले १५ लिटर. लिटरला लिटर काटलं, उरली १२० मिनिटं.

थांबा, गोल करू नका! १२० हाही सापळाच आहे. विचारलंय तासांत. उत्तर २.

वेगाचंही तसंच. ताशी किलोमीटरचे सेकंदाला मीटर करताना ५/१८ की १८/५, यात निम्मा वर्ग अडकतो. पाठ कशाला करता? १००० मीटर वर, ३६०० सेकंद खाली, संक्षेप द्या, ५/१८ समोर येतं. ताशी ५४ म्हणजे सेकंदाला १५ मीटर. आणि हो, १ तास २० मिनिटं म्हणजे १.२ तास नव्हे. १ पूर्णांक १/३ तास.

एके ठिकाणी मात्र एककही दगा देतं. जाताना ताशी ६० किलोमीटर, त्याच रस्त्याने येताना ताशी ४०. सरासरी वेग? ५० म्हणाल. एकक बरोबर, उत्तर चूक. कमी वेगाने जास्त वेळ जातो, म्हणून सरासरी ४० कडे झुकणार. अंतर दिलेलं नाही, तर लसावि धरा, १२०. जायला २ तास, यायला ३. एकूण २४० किलोमीटर, ५ तास. ताशी ४८.

१२० च का, असं वाटत असेल तर ६०० धरून करा. १० तास आणि १५ तास, १२०० भागिले २५. तरीही ४८ च.