सातव्या भोपळ्यातलं बिऱ्हाड

(दृश्य: सकाळचं परसदार. उंच खांबाला टांगलेले पांढरे भोपळे. घशातल्या घशात खळखळणारा पक्ष्यांचा आवाज.)

पेनसिल्व्हेनियात, ईरी सरोवरापासून अर्ध्या तासावर आमचं घर. मागच्या हिरवळीत साडेचार मीटर उंच खांब आणि त्यावर बारा भोपळे. आई पहिल्यांदाच अमेरिकेत आली होती. खिडकीतून बघून म्हणाली, "अगं, हे काय? चल रे भोपळ्या टुणुक टुणुक?"

गोष्टीतली म्हातारी लेकीकडून घरी जायला भोपळ्यात बसली. इथले प्रवासी आधी ब्राझीलहून हजारो किलोमीटर उडत येतात आणि मग भोपळ्यात शिरतात.

पर्पल मार्टिन. भिंगरीच्या कुळातला उत्तर अमेरिकेतला सगळ्यात मोठा पक्षी. नर सावलीत काळा दिसतो, उन्हात वळला की जांभळट निळा चमकतो. मादी करडी, पोटाला मळकट पांढरी.

युरोपातले लोक इथे पोचायच्या आधीपासून चोक्टॉ आणि चिकासॉ या इथल्या मूळ जमातींचे लोक वस्तीजवळ वाळलेले भोपळे टांगत. आपल्या दुधीचीच जात ती. पक्ष्यांच्या हे इतकं अंगवळणी पडलं, की रॉकी पर्वतांच्या पूर्वेला मार्टिन आता झाडाच्या ढोलीत जवळपास जातच नाही. माणसाने घर टांगलं तर बिऱ्हाड, नाहीतर नाही.

म्हणून अशी घरं टांगणारे स्वतःला 'लँडलॉर्ड' म्हणवतात. शब्द भारदस्त आहे, काम मात्र चाळीच्या वॉचमनचं. भाडं तर शून्यच. मार्टिन दिवसाला दोन हजार डास खातो असं सांगून पूर्वी इथे पक्ष्यांची घरं खपवली जायची. पण मार्टिन दिवसा, उंचावर शिकार करतो आणि डास निघतात तिन्हीसांजेला, जमिनीलगत. दोघांची गाठ पडणार कधी? त्याला लागतात चतुर, भुंगेरे, पंखवाल्या मुंग्या. त्यातले चतुर तर स्वतःच डास खाणारे!

(दृश्य: हँडल फिरतंय, दोर सुटतोय, भोपळ्यांचं कडं हळूहळू खाली येतंय.)

आठवड्यातून एकदा विहिरीच्या रहाटासारखं हँडल फिरवायचं आणि अख्खी चाळ खाली उतरवायची. हल्ली भोपळे प्लास्टिकचे असतात, बाजूला फिरकीचं झाकण. आत वाळक्या काटक्या, चिखल आणि वर अंथरलेली हिरवी पानं. पानांवर पांढरी अंडी, बहुतेक वेळा ४ किंवा ५. मादी रोज एक घालते. मग साधारण १५-१६ दिवस उबवणं.

माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लू टाकून देतात, हे आपल्याकडे आजीपासून ऐकलेलं. मार्टिन तसं करत नाहीत. तपासणी चालू असताना आईबाप वर घिरट्या घालतात, ओरडतात, आणि खांब वर गेला की दोन मिनिटांत चोचीत चतुर धरून हजर.

सातव्या भोपळ्यात त्या वर्षी पाचांपैकी चार अंडी फुटली. पिल्लं दहा दिवसांची झाली तेव्हा झाकण उघडलं, तर ती तळाला नव्हती. दाराच्या तोंडाशी दाटीवाटीने चढून बसलेली. मी बोट आत घातलं आणि मनगटापर्यंत राखेसारखं काहीतरी सरसरत आलं. माइट. टाचणीच्या डोक्याहून बारीक, रक्त पिऊन लालसर झालेले. घरट्याखाली निळ्या माशीच्या जातीच्या अळ्या होत्या. त्याही पिल्लांचं रक्तच पितात.

अशा वेळी घरटं बदलायचं. आईने जुनं पातेलं पुढे केलं, तळाला फडकं. चारही पिल्लं त्यात. जुनं घरटं पिशवीत भरून लांब टाकलं, भोपळा आतून पुसला आणि लाकडाचा कोरडा कीस चार बोटं जाड पसरून मध्ये मुठीने खळगा केला. पिल्लं परत त्याच भोपळ्यात. आईने वहीत लिहिलं: "७ – गादी बदलली."

पिल्लं २२ दिवसांची झाली की मात्र झाकणाला हात लावायचा नाही. घाबरलेलं पिल्लू उडता येत नसताना उडी मारतं.

(दृश्य: कुंपणावर एक चिमणा, चोचीत गवताची काडी.)

खरा वाद झाला तो तिसऱ्या भोपळ्यावरून. आत चिमणीने घरटं बांधलं होतं आणि मी ते उपसत होते. आई थबकलीच. "अगं, चिऊचं घर मोडतेस?"

काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं, हे मला तिनेच शिकवलेलं. शिवाय जागतिक चिमणी दिवस आपल्या नाशिकच्या माणसाने सुरू केलेला. पुण्यात आईच्या गॅलरीत चिमण्यांसाठी लाकडी खोकं टांगलेलं आहे. पण इथली चिमणी १८५०च्या सुमारास ब्रुकलिनमध्ये आणून सोडलेली. ती मार्टिनची अंडी फोडते, पिल्लांना टोचून मारते. १८९० मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये सोडलेली युरोपीय मैना तर मोठ्या पक्ष्यालाही मारते. मैनेसाठी दार अर्धचंद्राकृती ठेवतात, उंची जेमतेम ३ सेंटिमीटर. मार्टिन पोट घासत आत जातो, मैना अडकते. चिमणीला मात्र ते दारही पुरतं. म्हणून काड्या उपसत राहायच्या. कायद्याचं संरक्षण मार्टिनला आहे, चिमणीला नाही.

आईला हे पटलं असं मी म्हणणार नाही. चिमणीच्या काड्या तिने टाकू दिल्या नाहीत. कुंपणाशी नीट रचून ठेवल्या.

(दृश्य: पाऊस. तारेवर पिसं फुलवून बसलेले पक्षी.)

जूनच्या शेवटी तीन दिवस झड लागली. गारठ्यात किडे उडत नाहीत, आणि मार्टिन उडता किडाच खातो. १९७२ च्या जूनमध्ये ॲग्नेस वादळाचा पाऊस लांबला, तेव्हा पेनसिल्व्हेनियात ते उपासमारीने मोठ्या संख्येने मेले. तिसऱ्या दिवशी आम्ही दुकानातून रातकिडे आणले. आई चमच्यात एकेक किडा घेऊन हवेत भिरकवायची, अगदी विटी उडवल्यासारखा. आधीचे सगळे गवतात पडले. मग एका मादीने वळून एक वरच्या वर झेलला आणि सरळ सातव्या भोपळ्यात शिरली.

(दृश्य: दारात पिल्लू, समोर हवेत चतुर धरलेला बाप.)

२८ वा दिवस. बाप चतुर घेऊन दारापर्यंत येतो, देत नाही, वळून जातो. पुन्हा येतो. तीन पिल्लं सकाळीच गेली. चौथं दुपारपर्यंत दारात बसून होतं, मग पाय सुटल्यासारखं खाली आलं आणि गवताच्या हातभर वरून स्वतःच्याच पंखांवर उचललं गेलं.

आईने वही उघडली. कालनिर्णयच्या मागे दुधाचा हिशोब लिहिते तसं, रकाने आखून. "७ – अंडी ५, पिल्लं ४, उडाली ४." मग थोडं थांबून शेजारी लिहिलं: "चिऊ – कुंपणाच्या वेलात, अंडी ३."