चेरी तोडल्यानंतर

बाग तीच आहे. झाडंही तीच, सावलीखाली वाढलेली अरेबिका जातीची कॉफी. बदलली आहे ती तोडणी. आधी बागेचं मालक कुटुंब एकदाच फांदी ओरबाडून घ्यायचं. हिरवी, पिवळट, लाल, वाळलेली, सगळी फळं एका पोत्यात आणि सगळ्यांना एकच भाव. आता दर आठ-दहा दिवसांनी त्याच झाडाकडे परत यायचं आणि फक्त पूर्ण लाल झालेली चेरी, म्हणजे कॉफीचं फळ, तोडायची. मजुरी वाढते ती इथेच. म्हणून पहिल्या वर्षी सगळी बाग स्पेशालिटीला, म्हणजे चवीच्या गुणांवर विकल्या जाणाऱ्या उंची कॉफीला, लावू नये. एक तुकडा वेगळा काढावा; बाकीचा माल नेहमीच्या बाजारात जाऊ द्यावा, कारण घरखर्च त्यावरच चालणार असतो.

तोडलेली चेरी पाण्याच्या पिंपात ओततात. पोकळ आणि किडीने पोखरलेली बहुतेक फळं तरंगतात. ती वेगळी काढायची. हलक्या मालात चालतात.

उरलेली चेरी त्याच दिवशी पल्परमध्ये, म्हणजे साल काढायच्या यंत्रात. रात्रभर पोत्यात राहिली की ती आतून तापते, आंबायला लागते आणि तो वास पुढे कितीही नीट भाजलं तरी कपात येतो. पल्परची फट नीट लावणं हे खरं कसबाचं काम. फट अरुंद राहिली तर बी चिरतं, रुंद झाली तर साल बियांबरोबर पुढे जाते. हंगामात फळाचा आकार बदलत जातो, तेव्हा एकदा लावलेली फट शेवटच्या तोडणीपर्यंत पुरेल असं धरू नये.

साल गेली तरी बीवर चिकट गर असतो. तो सुटावा म्हणून बी टाकीत आंबवतात. हवा उबदार असेल तर बारा तास, गार असेल तर छत्तीससुद्धा. घड्याळावर विसंबू नका. मूठभर बी धुऊन चोळायचं. बुळबुळीतपणा जाऊन खरखर लागली की लगेच धुवायला घ्यायचं. उशीर झाला तर व्हिनेगरसारखा वास येतो. बंद टाकीतल्या आणि फळं घालून आंबवण्याच्या नव्या पद्धती मोहात पाडतात, पण साधी धुतलेली कॉफी सलग चांगली जमेपर्यंत त्यांच्या वाटेला न गेलेलं बरं.

मग वाळवण. जमिनीपासून उंच जाळीचे मांडव, त्यावर दोन-चार सेंटिमीटरचा थर, दिवसभर हात फिरवणं. भर दुपारी झाकायचं, नाहीतर बीवरचं पार्चमेंट, म्हणजे कागदासारखं टरफल, तडकतं. रात्री दवासाठी पुन्हा झाकायचं. दहा ते पंधरा दिवसांत ओलावा दहा ते बारा टक्क्यांवर यायला हवा. बाराच्या वर राहिला तर साठवणीत बुरशीची भीती. दाताखाली चावून बघणं अंदाजापुरतं ठीक, पण ओलावामापकाचा खर्च टाळू नये.

हिशेब आधी करून ठेवा. शंभर किलो चेरीतून हिरवं, म्हणजे टरफल काढलेलं पण न भाजलेलं, बी साधारण सोळा ते अठरा किलोच मिळतं. शिवाय पार्चमेंटसकट महिना-दोन महिने मुरवावं लागतं, म्हणजे पैसाही तेवढाच उशिरा.

परीक्षा होते ती 350 ग्रॅमच्या नमुन्यावर. चालत आलेल्या निकषांनुसार त्यात काळं किंवा पूर्ण आंबलेलं बी एकही चालत नाही. किरकोळ दोष पाचांपर्यंत. नंतर कपिंग, म्हणजे चव घेऊन गुण देणं. 150 मिलिलिटर पाण्याला 8.25 ग्रॅम कॉफी, चार मिनिटांनी वर आलेला भुकटीचा थर मोडायचा आणि शंभरपैकी किमान ऐंशी गुण. प्रत्येक लॉटवर तोडणीची तारीख आणि बागेचा तुकडा लिहून ठेवा. खरेदीदाराला नमुना पाठवाल, तेव्हा त्याच लॉटमधलं अर्धा किलो बी हवाबंद पिशवीत घरी राहू द्या. चवीवरून वाद झाला, तर दोघांनाही पुन्हा चाखून बघता येतं.