भोपळ्याचा लिलाव आणि २८ पौंड

बंधुभगिनींनो, धनाच्या मोहावर दानाचा उतारा कसा चालतो हे मी अर्ध्या तासात सांगावे असे ठरले होते. त्यातली दहा मिनिटे अध्यक्षमहाशयांनी माझ्या परिचयासाठी उदार हस्ते खर्च केली आहेत.

ख्रिस्ती मंडळ्यांतला पिकांच्या उपकारस्तुतीचा सण आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. भक्तीनंतर बाजरी, अंडी, कोंबड्या, भाज्या यांचा लिलाव होतो आणि घेणाऱ्याने वस्तू परत दिली की ती पुन्हा लिलावात येते. आमच्या मंडळीत एका वर्षी एक भोपळा असाच तीनदा विकला गेला. चौथ्या वेळी माझी आणि एका कंत्राटदार बंधूंची चढाओढ लागली. ते दोनशे म्हणाले की मी अडीचशे म्हणावे, मागच्या बाकांवरून टाळ्या पडाव्यात आणि पाळकसाहेबांनी प्रवचनातही कधी लावला नाही असा आवाज लावून बोली पुकारावी, असा प्रकार झाला. भोपळा ११०० रुपयांना माझ्या पदरात पडला, माझे नाव पुकारले गेले, आणि बाप्तिस्म्याला आणलेल्या बाळासारखा तो उराशी धरून मी घरी आलो. पत्नीने एवढेच विचारले, “या अकराशेपायी आपल्या घरात काय कमी पडेल?” काहीच कमी पडणार नव्हते. “मग दिलंत काय?” असे म्हणून तिने विळी पुढे ओढली. पुढे आठवडाभर भोपळ्याबरोबर तो प्रश्नही माझ्या पानात वाढलेला असे. (आपण हसता आहात, पण आपापल्या मंदिरांतील देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या एकदा मोजून पाहा.)

मार्काच्या शुभवर्तमानाच्या १२व्या अध्यायातही प्रश्न हाच आहे. मंदिराच्या दानभांडारासमोर बसलेल्या येशूने धनवानांची मोठी दाने पाहिली आणि एका गरीब विधवेच्या दोन टोल्या, म्हणजे अगदी हलकी नाणीही पाहिली. परंतु त्याने तोलले ते टाकलेले द्रव्य नव्हे, तर टाकल्यानंतर मागे काय उरले ते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मुख्य प्रतिपादन आता घाईनेच उरकतो. नुसत्या देण्याने मोह सुटत नाही, कारण मिळकतीबरोबर गरजाही वाढत जातात. म्हणून स्वतःसाठी किती ठेवायचे, हे आधी ठरवावे लागते. मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी एका प्रवचनात ऑक्सफर्डच्या एका तरुणाचा हिशेब दिला आहे, आणि तो तरुण म्हणजे ते स्वतःच, असे सामान्यतः मानले जाते. वार्षिक मिळकत ३० पौंड असताना त्याने २८ पौंडांत भागवून २ दिले. मिळकत ६० झाली तेव्हाही २८ पौंडांतच भागवून ३२ दिले, ९० झाली तेव्हा ६२ आणि १२० झाली तेव्हा ९२. पुढे १७७६ साली, म्हणजे वयाच्या सत्तरीनंतर, करवसुली खात्याने वेस्लींकडे चांदीच्या भांड्यांची माहिती मागितली, तेव्हा त्यांनी कळवले की लंडनला दोन चमचे आहेत आणि ब्रिस्टलला दोन, आणि भोवती इतक्या लोकांना भाकर मिळत नसताना आणखी घेण्याचा विचार नाही. येशूला भेटल्यावर लुबाडलेले चौपट परत करीन म्हणणाऱ्या जकातदार जक्कयाचा हिशेब मात्र राहिला. तो पुढच्या खेपेला, अध्यक्षांनी परिचयात काटकसर केली तर.